चातुर्मासात सोडलेली गोळी

धार, ११ ऑगस्ट २०२५

चि. शशिकलेस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसून विषय बदलतेस. कागदावर ती सोय नाही.

लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. तू संधिवाताची गोळी सोडलीस! आमची रुचा राखीला देवासला तुझ्याकडे आली आणि रडत परतली. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू, आणि आत्याला चहाचा कप दोन्ही हातांनी उचलेना. ऐकून माझ्या तोंडून जे शब्द निघाले, ते संस्कृतच्या एकाही कोशात सापडायचे नाहीत.

तुझी भाची पाच वर्षं इंदूरच्या प्रयोगशाळेत काय करते, ते ऐक. रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या दाराशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. बाहेरून निरोप आला की ते एका प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावतं. टिळा लागलेलं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि लढाईची जनुकं जागी करतं. तुझ्या अंगात शत्रू नसतानाही टिळे लागत राहतात, आणि फौज तुझ्याच बोटांच्या सांध्यांवर तुटून पडते. ती गोळी टिळा लावणारा हात धरून ठेवते. तू तो मोकळा सोडलास, बाईसाहेब.

उद्याच डॉक्टरांकडे जा.

रागावलेला,
रत्नाकर

देवास, १५ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. एवढं लिहायला सकाळ गेली.

रागवायचं तर आरशासमोर उभा राहून रागव. कांदेनवमीला माझ्याच ओट्यावर बसून, तिसऱ्यांदा भजी मागत, तूच म्हणालास की कांदा कुणीही सोडेल. ज्याच्यावाचून उठता-बसता येत नाही ते सोडलं तरच नेम खरा. माझं त्या गोळीवाचून उठणं-बसणं होत नाही. रुचाचा प्रबंध दोनदा परत आला, पोरगी जेवेना. तिच्या यशासाठी सोडली. ती याच रोगावर शिकते, हे मला कोणी सांगितलं होतं? जगाला श्लोक समजावतोस. मला नुसतं चिडवतोस. वर तिनंही मला खालिस हिंदीत डाँटलं.

आता कार्तिकीच्या आत नेम मोडू कशी? देवाला काय सांगू?

लोभ असेल तर उत्तर दे, उपदेश नको.

शशी

धार, १९ ऑगस्ट

चि. शशीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्यावरचा राग संपला; उरलेला माझ्याच ताटात वाढलाय. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण आपलं बोलणं कुणाला कुठं लागतं, ते शिकलो नाही.

नेम मोडू नकोस, मला दे. ज्याच्यावाचून मला राहवत नाही ते, म्हणजे तुला चिडवणं, कार्तिकीपर्यंत सोडलं. हे पत्र टपालात न टाकता पहिल्या बसनं स्वतः घेऊन येतोय. पाकीट मी उचलीन, देवालाही मीच सांगेन. तू वाचून झालं की चपला घाल. दीड महिना खंड पडलाय; डॉक्टर रक्त तपासून ठरवतील तसं करू.

तुझ्या वाकड्या अक्षरावर एक फार नामी विनोद सुचला होता. लिहीत नाही.

लोभ ठेव, हात जपून.

दादा