झोळीवरची मुंगीवाटी

मी, संपदा राधाकृष्ण पाठक, वय एकोणसत्तर, व्यवसाय वस्तूंची रचना करणे, राहणार औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाचे दडपण नाही. डॉक्टर निता यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. “आता काही विचारायचं राहिलं का?” असे त्या म्हणाल्या. राहिले आहे, पुष्कळ राहिले आहे; पण मिळकतीचे आधी लिहून टाकते.

१. माझे राहते घर मी स्वकमाईतून बांधलेले आहे. ते माझी पुतणी गुंजन हिला द्यावे. स्वयंपाकघरातील ओटा माझ्या उंचीचा आहे आणि गुंजन माझ्याहून उंच आहे. तिने तो तोडून आपल्या उंचीचा करावा. आत्याची आठवण म्हणून वाकून भाकरी करू नये.

२. शिरड शहापूर रस्त्यावरील कारखान्याचे शेड, यंत्रे आणि सर्व साचे संगिता संतोष आडे यांच्या मालकीचे व्हावेत. लोक “काहून?” विचारतील, म्हणून कारण लिहिते.

मी पुण्यात एका कंपनीत नोकरीला असताना मला कापूस वेचण्याच्या पिशवीची रचना करायला सांगितले होते. पिशवी कागदावर काढण्याआधी वेचणी बघावी म्हणून मी इथल्या एका शेताच्या बांधावर येऊन बसले. वेचणाऱ्यांत तांड्यावरची संगिता होती. तिचे लेकरू लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत होते. ती सारखी ओळ सोडून झाडाकडे जाई. मी विचारले, “पिशवी जड होऊन राहिली का?”

“पिशवीचं काय न्हाई ताई,” ती म्हणाली. “लेकराला मुंगळे चावून राहिले. हात कापसात अन् जीव झोळीत.”

मुंगळे दोरीवरून उतरत होते. मी कंपनीला कळवले की पिशवी राहू द्या, दोरीचे बघू. अशा वस्तूला गिऱ्हाईक नाही, असे उत्तर आले. मी नोकरी सोडली. घरचे म्हणाले, डोके फिरले. मला मात्र मुंगळा कशाला अडतो हे बघायचे होते.

दोरीच्या मध्ये एक गज, गजाला वर-खाली आकडे आणि मधोमध, गज आरपार जाईल अशी पाण्याची वाटी, म्हणजे मुंगळ्याला वाटेत पाणी लागेल, असे मी केले. पहिली वाटी झोक्याने सांडली, म्हणून ती वर फांदीजवळ नेली. मग तिच्यात लिंबाचे पान पडले आणि मुंगळ्यांना पूल मिळाला, म्हणून वर छत्रीसारखे झाकण बसवले. आता मुंगळे थांबले, तरी बायका वाटी घेईनात. संगिताची सासू नानीबाई यांना विचारले, तर म्हणाल्या, “चमकती लई. लेकराला नजर लागंल. काळा दोरा कुठं बांधायचा हिला?” मी झाकणाच्या काठाला एक भोक पाडले. त्या भोकाचा मुंगळ्यांशी काही संबंध नाही, पण त्यानंतर दुसऱ्या तांड्यांवरून मागणी येऊ लागली. यातली प्रत्येक वाटी संगिताने आपल्या झोळीवर टांगून बघितली. कारखाना माझ्याइतकाच तिचा आहे.

३. मुंगीवाटी कोणीही बनवावी, माझा मक्ता नाही. अट एकच. गज अखंड असावा. गजाचे दोन तुकडे वाटीला जोडून ती कोणी कधीही करू नये, कारण त्याच्या खाली लेकरू असते.

४. माझा धाकटा भाऊ विश्वजीत, गुंजनचा बाप, कारखान्यात माझा भागीदार होता. स्वस्त पडेल म्हणून त्याने मला न विचारता वर एक आणि खाली एक असे आकडे वाटीला जोडून माल काढला. माल टेम्पोत चढला, तेव्हा मला कळले. मी त्यातली एक वाटी काढून तिला ज्वारीचे पोते टांगले आणि झोका दिला. जोड उघडला, पोते जमिनीवर आपटले.

“ताई, पोतं होतं ते. लेकराचं वजन कितीक असतंय?”

“अन् थोरलं पोरगं झोळीला लटकलं तर?”

सगळा माल मी त्याच्यासमोर तोडायला लावला. तो भागीदारी सोडून निघून गेला आणि अनेक वर्षे माझ्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी गुंजनला मुलगी झाली. त्यानंतर एकदा विश्वजीत शेडच्या दारात येऊन उभा राहिला. “एक वाटी दे. पोरीच्या पाळण्याला मुंग्या लागून राहिल्यात.” मी दिली. त्याने ती शेडच्या तुळईला अडकवली, दोन्ही हातांनी खालचा आकडा धरला, पाय उचलले आणि पांढऱ्या केसांचा माझा भाऊ तसाच लोंबकळत राहिला. मग उतरून म्हणाला, “बराबर आहे.” आणि वाटी घेऊन गेला.

त्याला मालकीत हिस्सा नाही. परंतु माल बाहेर जाण्यापूर्वी तपासण्याचा आणि नापसंत माल अडवण्याचा हक्क त्याच्या हयातीपर्यंत त्याचा राहील. संगिता यांची याला संमती आहे. त्या म्हणाल्या, “येऊ द्या. पर लटकायचं वय न्हाई म्हणावं, पोतं टांगा.”

५. बँकेतील ठेवीच्या व्याजातून मजुरी देऊन दर वेचणीच्या हंगामात एका माणसाला शेताच्या बांधावर बसवावे. त्याने काही विकू नये. बघावे आणि विचारावे.

६. माझ्या उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला आहे. दहनानंतर तो राखेत सापडेल. गुंजनने तो नदीत सोडू नये. घासून स्वच्छ करावा, उजेडात धरावा आणि कोणत्या बाजूने झिजला आहे ते बघून डॉक्टर निता यांना कळवावे. मांडी घालून बसू नका, असे त्यांनी बजावले होते. मी रोज बसत होते. सांध्याचे काय झाले, हे मला आत्ता बघता येत नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली आहे.

स्थळ : औंढा नागनाथ
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

सही : संपदा राधाकृष्ण पाठक

साक्षीदार :
१. डॉ. निता कळमकर, औंढा नागनाथ
२. रामप्रसाद तापडिया, शेजारी, औंढा नागनाथ