सिग्नेच्या नावे शेत

मी, थोरा हेल्गेसन, कै. आन्डर्स हेल्गेसन यांची पत्नी, राहणार विलो फोर्क, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा.

कलम १. शेत, घर, गोठा आणि गाई माझी मुलगी सिग्ने हिला द्याव्यात. आमच्याकडे शेत मुलाला आणि शिवणयंत्र मुलीला, असा रिवाज. माझ्या वडिलांनीही तेच केले. यंत्र उत्तम चालते, पण त्यावर मका उगवत नाही. मुलगा नॉर्मन शिकागोत असतो. त्याला समोर बसवून विचारले, तर म्हणाला, "आई, मला तर गाईसुद्धा ओळखत नाहीत. सिग्नेलाच दे. फक्त नाताळला मला जेवायला बोलाव म्हणावं तिला." सबब, नाताळला टेबलावरची त्याची जागा कायम राहील.

कलम २. हे शेत हाती राहिले कसे, तेही नोंदवते. आन्डर्स न्यूमोनियाने गेले तेव्हा मुले लहान होती. दफन उरकून कॉफी घेताना दीर टोलेफ म्हणाले, "वहिनी, शेत मला देऊन टाका. दोन पोरं घेऊन तुम्ही करणार काय?"

"आत्ता घरी जाऊन धार काढणार, भावजी," मी म्हणाले.

ते त्यांना झोंबले. गावातले मळणीयंत्र त्यांचे. त्या हंगामात ते सगळ्यांकडे फिरले. माझ्या गव्हाच्या पेंढ्या मात्र शेतातच पडून. आभाळ भरून येऊ लागले, तरी मी कोणाच्या दारी गेले नाही. शेजारीण बर्टिना लुंड हिने ते पाहिले. तिच्याकडे मळणी होती त्या दिवशी गडी जेवायला आले, तर चूल थंड. बर्टिना टोलेफना म्हणाली, "थोराकडे यंत्र कधी जाणार ते आधी सांगा, मग बटाटे सोलते." स्वयंपाकाला आलेल्या बाकीच्या बायकांनीही हाताची घडी घातली. उपाशी पुरुषांचा निर्धार तो किती टिकणार! दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र माझ्या फाटकाशी उभे.

दुपारी मी टोलेफना सर्वांआधी वाढले. खाली मान घालून ते म्हणाले, "केक झकास झालाय, वहिनी." ती माफीच होती. मी ती घेतली.

कलम ३. बर्टिनाला माझी निळी कॉफीची किटली द्यावी. त्या किटलीची ती इतकी वर्षे आशेने स्तुती करत आली आहे.

कलम ४. कुंपणापलीकडे झुकलेल्या फांदीची सफरचंदे टोलेफ यांची. यापुढे त्यांनी ती उघडपणे तोडावीत.

कलम ५. शिवणयंत्र नॉर्मनला. त्याच्या कोटाला कधी सगळी बटणे नसतात.

कलम ६. मला आन्डर्सच्या शेजारी ठेवावे. पाद्रीबुवांनी थोडक्यात आटपावे. बाई सुखात जगली, एवढे म्हटले तरी खोटे होणार नाही. आणि गवत कापणीच्या दिवसांत गेले, तर आधी गवत आत घ्यावे, मग मला बाहेर काढावे.

सही : थोरा हेल्गेसन

आमच्यासमोर सही केली :
हेन्रिक क्वाले, लोहार
एडना सोलबर्ग, शिक्षिका

विलो फोर्क, ता. ११ मे १९४७