विडीचे डोहाळे

दादा, गेल्या वर्षी माझ्याही छातीत कळ आली. तुमच्यासारखीच, डाव्या खांद्यातून खाली उतरत गेलेली. तुम्ही झेंडूच्या वाफ्यात बसलात ते उठलाच नाहीत. मला मात्र वेळेवर रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, रक्तवाहिनीत जाळी बसवली. आता बरी आहे. तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी ओलांडलं, आणि बापापेक्षा मोठं होणं मला अजून जमत नाही.

जाळी बसवल्यावर डॉक्टरीण खाटेशी बसून एकेक विचारत होती. माझ्या लेकीहून थोडीशीच मोठी असेल. तंबाखू? नाही. मिश्री? नाही. "तुम्ही आईच्या पोटात असताना घरात कुणी विडी-सिगारेट ओढायचं का?" मला हसूच आलं. म्हटलं, "अहो, आमच्या आईला तर विडीचेच डोहाळे लागले होते!" आणि आपल्याकडे आल्यागेल्याला सांगतात तशी ती गोष्ट मी तिला रंगवून सांगितली.

मळ्यातलं स्वयंपाकघर. आईला अन्न बघवत नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. तिला हवा असतो फक्त तुमच्या विडीचा वास. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, असं आजीचं म्हणणं. मग चारचौघांत बायकोशी दोन शब्द न बोलणारे तुम्ही फुलबाजारातून आलात की चुलीतल्या निखाऱ्यावर विडी पेटवता, दार लोटता आणि तिच्या शेजारी बसता. ती म्हणते, "इकडं फुंका ना." तुम्ही म्हणता, "लोकं काय म्हणतील?" ती म्हणते, "म्हणू द्या. लेकरू मागतंय."

इथं सगळे हसतात. डॉक्टरीण हसली नाही. लिहिता लिहिता थांबली. मग सावकाश म्हणाली, "बघा, जनुकं तीच राहतात. पण कुठलं जनुक किती कामाला लागेल, हे ठरवणाऱ्या खुणा त्यांच्यावर असतात. पोटातल्या बाळापर्यंत धूर पोचला तर त्यातल्या काही बदलतात. त्या मोठेपणीही टिकून राहतात, असं दिसायला लागलंय. अशा मुलांना पुढं बीपीचा, हृदयाचा त्रास थोडा जास्त होतो. पण तुमचं त्यानंच झालं असं कुणी सांगू शकणार नाही. तुमचे वडीलही असेच गेले ना?"

म्हणजे रक्तातून काय, धुरातून काय, दोन्हीकडून तुम्हीच, दादा.

तेव्हापासून ती गोष्ट मला बाहेरून ऐकता येत नाही. दुपारी डोळा लागला की मी आत असते. दार लोटलेलं असतं, धूर दाटत जातो, तुम्ही दोघं हळू आवाजात बोलत असता, आणि त्या खोलीत तिसरं कुणीतरी असतं, त्याला दार सापडत नाही. तुम्हा दोघांवर रागवावं असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही. याचंच भय वाटतं.

लहानपणी एकदा तुमचं विझलेलं थोटूक मी ओठात धरलं होतं. तुम्ही वाफ्याला लावलेलं पाण्याचं बारं तसंच वाहतं टाकून धावत आलात आणि थोबाडीत मारलीत. आयुष्यात एकदाच. "परत तोंडाला लावलीस तर बघ," म्हणालात, आणि थोटूक पायाखाली चिरडलंत. विडी वाईट हे तुम्हाला कळत होतं. ती कुठवर पोचते, एवढंच कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशानं झालं म्हनली गं डाक्टरीन?" मी म्हटलं, "मिठानं." पटकन तेवढंच सुचलं. दुसऱ्या दिवसापासून घरात भाजी अळणी. लोणच्याची बरणी तिनं शेजारी देऊन टाकली. माझ्या ताटाशी बसते आणि म्हणते, "माझा हातच खारट. लय मीठ घातलं मी तुला." मी म्हणते, तसं नाही गं. ती ऐकत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी भरली होती, बायका गोल बसल्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालंच, "आज्जी, तुमचे डोहाळे सांगा की." आईनं पदर सारखा केला, गाल थोडे वर आले, आणि ती सांगू लागली. तुम्ही गेल्यापासून ती एरवी एवढी कधी उजळत नाही. तुम्ही तिचे लाड केलेत ते तेवढेच, दादा. "लेकरू मागतंय" आलं, बायका खिदळल्या. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी सगळं सांगितलं आहे. तिचा हात पोटावर होता. तिनं तोंड उघडलं. मी मानेनंच नको म्हटलं. "मग आजोबा काय म्हणाले?" तिनं माझ्या आईला विचारलं.

लिहून झालं की हा कागद फाडणार आहे. आई चष्मा लावून हाताला येईल ते वाचते. तिचं सुख मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी लेकीला सांगितलं. ते अर्धंच खरं. त्या मिठाचा दोष आई रोज गिळते आहे आणि मी गिळू देते, कारण ती गोष्ट मलाही हवी आहे. पुढं मी जन्मल्यावर तुम्ही पहाटे बाजाराला जायचात आणि मी निजल्यावर यायचात. माझ्यासाठी म्हणून तुम्ही काम टाकून बसलेले मला त्या गोष्टीखेरीज दुसरीकडं कुठं आठवतच नाहीत.