पिल्लांचं गरम आंबोण

मसूर, ता. कराड
१७ डिसेंबर २०२४

चि. सृष्टीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. म्हशीला रेडी झाली. पहिल्याच दिवशी तिनं दादांच्या लष्करातल्या स्वेटरची बाही चघळली. दादा तिच्यावर ओरडले आणि मग तोच स्वेटर तिच्या अंगावर टाकला. तुझा बापच तसा, ओरडून झालं की पांघरूण घालणारा.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मी “जेवलीस का” एवढंच विचारते आणि मूळ गोष्ट राहून जाते.

काल तुझी मैत्रीण सई भेटली. म्हणाली, तू शिरवळचं जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण सोडून बँकेच्या परीक्षेला बसतेयस. कारण तिला ठाऊक नव्हतं. मला आहे.

गेल्या जानेवारीत तू कोंबड्यांच्या शेडच्या कोपऱ्यात शंभर पिल्लं वेगळी काढलीस. त्यांच्या खाद्यातली खनिजाची भुकटी कमी केलीस आणि एन्झाइम घातलंस. मक्यात, सोयाबीनमध्ये अडकलेलं फॉस्फरस ते मोकळं करतं आणि हाडांना मिळतं, असं तू मला चुलीपाशी बसून समजावलंस. निम्मं कळलं, निम्मा वेळ मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. तू कॉलेजला गेलीस आणि अठराव्या दिवशी पिल्लं पायावर उभी राहीनात. दादा फोनवर कडाडले, “तुजी पुस्तकं तिकडंच ठेव! मुक्या जिवाचं पाय मोडायला शिकलीस व्हय?” त्यानंतर तू घरी आली नाहीस. दिवाळीलासुद्धा नाही.

पोरी, तुझं गणित चुकलं नव्हतं. कडाक्याची थंडी होती. म्हशीला आंबोण करते तसं मी रोज तुझ्या पिल्लांच्या खाद्यावर उकळतं पाणी ओतून, कोमट करून घालत होते. लेकीची पिल्लं म्हणून जास्तीची माया. उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं, असं पाकिटाच्या मागं चक्क मराठीत छापलंय. मी ते त्याच आठवड्यात वाचलं. वाचलं आणि पाकीट पिठाच्या डब्याखाली सारलं.

अकरा महिने गप्प बसले. दादांना भ्याले म्हणावं, तर त्यांना मी कवाच भ्याले नाही. मला तुझ्या नजरेत अडाणी ठरायचं नव्हतं. खरं ते एवढंच.

गेल्या महिन्यात पन्नास पिल्लं मागून घेतली. कराडहून नवं पाकीट आणलं. प्रमाण तुझ्याच वहीतलं, खाद्य कोरडं. काल तिसावा दिवस. एकही लंगडत नाही. एक तर दादांच्या मांडीवर चढून बसलं. तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं. ते पिल्लाच्या पायावरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “आता पोरीला कंच्या तोंडानं बोलावू?”

शनिवारी ते तुझी वही घेऊन शिरवळला येतायत. त्यांना बोलता येणार नाही, तूच चहा पाज. त्यांच्यावर रागव, माझ्यावर त्याहून जास्त रागव. पण रागवायला घरी ये.

पाकीट लपवणारी,
तुझी आई