बुवाच्या व्हॉल्व्हात समईचं तेल

आवडे,

मी शौकतभाई मिस्त्रीकडं चाललोय. माझी भाकरी झाकून ठेव.

गणपतीच्या देखाव्यातल्या हलत्या कीर्तनकार बुवाच्या पुतळ्याचा चिपळ्यांचा हात अडकला, तेव्हा "कसलं तेल घातलंस?" म्हणून मी शौकतभाईला मंडपात चारचौघांत बोललो. तो हत्यारं उचलून निघून गेला. आज मी बुवाचा हात हलवणारा हवेचा व्हॉल्व्ह उघडला, तर आतलं रबर फुगलेलं, तिळाच्या तेलाचा वास, अन् वर कापसाच्या वातीचा धागा! शौकतभाईच्या दुकानात वात कुठून यायची? आपल्या देवघरातली समई मात्र दोन दिवस कोरडी आहे.

शनिवारी तू बुवाच्या पाठीमागं एवढा वेळ काय करत होतीस? विचारलं तर म्हणालीस, "नुसते हात जोडले." हात जोडणारीच्या पदराला तेल कसं लागतं?

बुवाचा हात सैल चालावा म्हणूनच घातलं असशील; कीर्तन मलाही लई प्रिय, म्हणून रागावत नाय. शौकतभाईशिवाय संध्याकाळी बुवाचा हात उठायचा नाय, म्हणून त्याचे पाय धरायला निघालोय. त्याला घेऊन आलो की चुलीमागं दडू नकोस. माफी मी मागीन. तेल कुणी घातलं ते तेवढं तुझ्या तोंडानं सांग.

काकासाहेब