छळ, हल्ला आणि माझा तक्ता

सोमवार, ३ ऑगस्ट २०१५

आजपासून रोज लिहायचं. पंचावन्नाव्या वर्षी माणसाने आपलं काम आपणच नोंदून ठेवावं, दुसरं कोणी ठेवत नाही.

धाकट्या शेठनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या प्रेसमध्ये बायकांच्या तक्रारींसाठी समिती करायची आहे. कायदा येऊन दीड वर्ष झालं, पण आपल्याकडून कॅलेंडरं छापून घेणाऱ्या एका मोठ्या पार्टीने आता विचारलं, म्हणून घाई. अध्यक्ष बाईच लागते, म्हणून अकाउंट्सच्या राधाबाई. बाहेरचं कोणीतरी लागतं, म्हणून परळच्या महिला संघटनेच्या कमलताई. आणि मी. डोकं माझंच चालणार, हे शेठ बोलले नाहीत, पण मला कळलं.

ॲडमिन म्हणजे टॉयलेटचं फिनेल आणि पंख्याचं बेअरिंग, असं समजणाऱ्यांना आता दिसेल.

संकल्प: सकाळी चालणे. चहा कमी.

बुधवार, ५ ऑगस्ट

चालायला गेलो नाही. गुडघा.

समितीची नोटीस वाळली नाही तोच तक्रार. बाइंडिंगमधली गुणवंती, वरळी कोळीवाड्यातली. कोणाविरुद्ध? तर प्रॉडक्शन मॅनेजर शरच्चंद्र! ठाकूरद्वारचा, शुद्ध बोलणारा, दर संकष्टीला ऑफिसात मोदक वाटणारा माणूस. गेली कित्येक वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय.

गुणवंती माझ्या टेबलासमोर उभी राहून सांगायला लागली. दुपारी कागदाच्या गोदामात रिम मोजायला गेले होते, मागून शरच्चंद्र सर आले, दार लावलं... इथपर्यंत आली आणि मी हात वर करून तिला थांबवलं. म्हटलं, तुला लाज वाटेल असं काही तोंडाने बोलायची गरज नाही, मी समजून घेतो. परक्या बाईकडून असलं काही वदवून घेणं आमच्या घरच्या वळणात बसत नाही. ती तशीच वळली. मग राधाबाईंकडे गेली आणि दोघी दार लावून कितीतरी वेळ बसल्या. तिकडे बिलं तशीच पडली होती.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

निःपक्षपातीपणा म्हणजे दोन्ही बाजू. म्हणून आज शरच्चंद्रला कँटीनच्या मागे नेऊन सविस्तर ऐकलं. पुरुषाला काय, त्याला सगळं विचारता येतं. तो म्हणाला, गुणवंती रिमांच्या थप्पीवरून घसरत होती, तो सावरायला गेला. दार वाऱ्याने आपटतं म्हणून कडी लावली होती. मेसेज पाठवले ते गंमत म्हणून, सगळ्यांनाच पाठवतो. मला कधी पाठवले नाहीत, पण ते असो.

संध्याकाळी आयडिया सुचली. तक्ता! लोकांचा घोळ होतो तो इथेच, की छळ कशाला म्हणायचं आणि हल्ला कशाला. एकदा तक्ता भिंतीवर लागला की प्रत्येक बाई येऊन आपली आपण बघेल, वर्गवारी करेल, निम्म्या तक्रारी जागच्या जागी संपतील. 'लैंगिक' हा शब्द प्रेसमध्ये मोठ्या टायपात बरा दिसणार नाही म्हणून 'लैं. छळ' आणि 'लैं. हल्ला' असं लिहिलं.

छळाच्या रकान्यात: बोलणे, बघणे, शिट्टी, मेसेज, वाईट जोक. हल्ल्याच्या रकान्यात: माणूस अनोळखी असणे, अंधार, रक्त, आरडाओरडा.

लगेच गुणवंतीची केस लावून बघितली. अनोळखी? नाही. अंधार? ट्यूबलाइट चालू. रक्त? मनगटावर कापलंय, पण ते बांगडी फुटून, त्याला शरच्चंद्र काय करणार. आरडाओरडा? कटिंग मशीन चालू होतं, कोणी ऐकला नाही, म्हणजे झाला नाही. निष्कर्ष: छळ, तोही किरकोळ. दहा मिनिटांचं काम. कायदा अवघड आहे असं वकीलच पसरवतात.

सोमवार, १० ऑगस्ट

समितीची पहिली मीटिंग. वैताग.

कमलताईंनी तक्ता चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला. मला वाटलं आवडला. त्या म्हणाल्या, "उत्तमराव, छळ ही मोठी पिशवी आहे. बाईला नको असताना बोलणं, बघणं, मेसेज, हात लावणं, कामाच्या बदल्यात काही मागणं, सगळं त्यात येतं. त्यातच जिथे अंगावर जबरदस्ती होते, पकडलं, दाबलं, अडवून हात घातला, तिथे तो हल्ला झाला. माणूस ओळखीचा आहे का आणि दिवा चालू होता का, याने काही फरक पडत नाही. गुन्हे दोन्ही आहेत. तिला पोलिसांत जायचं असेल, तर कंपनीने तिला मदत करायची असते."

पोलीस! मी म्हटलं, ताई, साधी गोष्ट आहे, कशाला एवढं. तक्त्यावर मी एवढी मेहनत घेतली, त्याबद्दल एक शब्द नाही. बाहेरच्या माणसाला आतलं वातावरण कळत नाही.

गुणवंतीचं म्हणणं ऐकायला पुढच्या सोमवारची तारीख ठरली. घरी बायकोला, रखमाला, सांगितलं की मीटिंग उत्तम झाली.

बुधवार, १२ ऑगस्ट

तक्ता लॅमिनेट करून घेतला. चुका असतील तर पुढच्या आवृत्तीत बघू.

गोदामात राउंड मारला. दाराची आतली कडी उखडलेली, स्क्रू लोंबकळतायत, फळीला चीर. कोणालाही कंपनीच्या मालमत्तेची पर्वा नाही. सुतार बोलावून लगोलग नवीन कडी, नवीन फळी. संध्याकाळी राधाबाईंना अभिमानाने सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, ती कडी गुणवंतीने बाहेर पडायला तोडली होती, आम्ही फोटो काढणार होतो. आता मला कोणी सांगितलं असतं तर थांबलो असतो ना. ॲडमिनने दुरुस्तीही करायची नाही का?

सोमवार, १७ ऑगस्ट

श्रावण लागला. संकल्प: रागवायचं नाही, नॉनव्हेज नाही, चालणे.

आजची सुनावणी मी पुढे ढकलली. मशीनचं सर्व्हिसिंग होतं. खरं कारण म्हणजे डोकी थोडी थंड होऊ द्यावीत. दरम्यान शरच्चंद्रने गुणवंतीचा ओव्हरटाइम बंद केला आणि तिला बाइंडिंगमधून काढून गेटजवळ पॅकिंगला बसवलं. राधाबाई म्हणतात हा सूड आहे. मी म्हणतो, तिला आराम. तिच्या नवऱ्याची होडी पावसाळाभर बंद होती, घर तिच्या पगारावर चाललंय, हे मला माहीत आहे. म्हणूनच नोकरी टिकावी अशी माझी धडपड आहे, पण बोलून काय उपयोग.

बसल्या बसल्या उपाय सापडला! इतका सोपा की हसू आलं. राखी!

याला आमच्या घरातलाच दाखला आहे. संपाच्या वर्षी मी गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली होतो. पगार बंद, म्हणून मी गावी कणकवलीला गेलो, शेती बघितली. रखमा आणि आई इथे वरळीला बीडीडी चाळीत. शेजारचा दत्तू जरा जास्तच मदतीला यायचा, असं परतल्यावर आई म्हणाली. आईने काय केलं? पौर्णिमेला रखमाच्या हातून दत्तूला राखी बांधून घेतली. विषय संपला. ना पोलीस, ना कमलताई. तेव्हापासून दत्तू दर वर्षी येतो, नारळीभात खातो, ओवाळणी टाकतो. बहीण-भावाचं नातं लागलं की पुढे काही उरतच नाही.

आणि यंदा पौर्णिमा शनिवारी, हाफ डे. नारळी पौर्णिमा म्हणजे कोळ्यांचा तर सणच. गुणवंतीलाही बरं वाटेल.

बुधवार, १९ ऑगस्ट

शरच्चंद्रला सांगितलं. त्याला एका क्षणात पटलं. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, उत्तम, तू नसतास तर माझं काय झालं असतं. असा माणूस!

गुणवंतीला गेटजवळ जाऊन सांगितलं. ती खोके बांधत होती. सुतळी ओढत म्हणाली, "मला दोन भाव हायेत, सर. तिसरा नको." तिथून हलली नाही, रागावली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणजे तत्त्वतः मान्य आहे. बायका अशा गोष्टीला लगेच हो म्हणत नसतात, आपण समजून घ्यायचं असतं.

सोमवार, २४ ऑगस्ट

राधाबाई आणि कमलताई दोघींनी फोनवर माझा जीव खाल्ला. समेट करायचा तर तो गुणवंतीने स्वतः मागावा लागतो, समितीने तिच्या गळ्यात मारायचा नसतो. मी म्हटलं, मी कुठे मारतोय, मी फक्त तारीख, वेळ आणि पेढे ठरवलेत. कमलताईंनी फोन ठेवला. शिष्टाचार नावाची गोष्ट उरली नाही.

रात्री जेवताना रखमाला सगळी योजना सांगितली. वाटलं होतं खूश होईल, आमच्याच घरचा उपाय म्हणून. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "त्या हाताला राखी बांधून मी दर वर्षी आत येते आणि नळाखाली हात घासते. तेहतीस वर्षं. यंदा दत्तू माझ्या दारात नको."

मला काही कळेना. राखीचा रंग जातो का, असं विचारलं. ती ताट उचलून मोरीकडे गेली. हल्ली फार चिडते. उद्या तिचं बीपी बघून घ्यायला हवं.

बुधवार, २६ ऑगस्ट

बीपी नॉर्मल निघालं. मग काय झालंय?

शुक्रवार, २८ ऑगस्ट

दादरला जाऊन राखी आणली. साधीच, लाल गोंड्याची, जरीकाम नको. पेढे, हळदकुंकू, ताम्हन घरून. बाइंडिंगच्या बायकांना सांगितलं, उद्या साडेबाराला मशीन बंद, सगळ्यांनी खाली यायचं. उत्साह कसा तो नाहीच.

शेठ म्हणाले, हे लवकर मिटव, पार्टीचा माणूस सोमवारी ऑडिटला येतोय. मी म्हटलं, उद्या दुपारी मिटलं समजा.

गुणवंती आज रजेवर होती. सणाची तयारी असणार.

शनिवार, २९ ऑगस्ट, संध्याकाळ

लिहायची इच्छा नाही, पण संकल्प आहे.

साडेबाराला सगळे जमले. शरच्चंद्र रेशमी कुडता घालून आला होता, पाटावर बसून मनगट पुढे करून. मी दोन शब्द बोललो, प्रेस म्हणजे एक कुटुंब वगैरे. गुणवंती नाही. राधाबाई नाहीत. मी म्हटलं, कोळीवाड्यात मिरवणूक असते, रस्ते बंद असतील, थांबू. शरच्चंद्रला घाम आला म्हणून मी टेबलफॅन लावला. निरांजन विझलं. पुन्हा लावलं.

एकाच्या सुमाराला दोन पोलीस आले, त्यात एक बाई. त्यांनी शरच्चंद्रचं नाव विचारलं. तो तसाच मनगट पुढे करून उठला. काल गुणवंती राधाबाई आणि कमलताईंना घेऊन पोलीस स्टेशनला गेली होती. विनयभंगाचा गुन्हा नोंदवलाय. म्हणे तिचा ओठ आतून फुटला होता, आणि हाताला बांगड्या रुतेपर्यंत धरलं होतं. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं!

त्याला घेऊन गेले. बायका पेढ्यांना हात न लावता वर गेल्या. मशीन चालू झाल्याचा आवाज आला. हाफ डे असून.

घरी आलो तर दत्तू गॅलरीत स्टुलावर बसलेला, पिशवीत नारळ. दार आतून बंद. रखमाने आतून सांगितलं होतं की तो गेल्याशिवाय उघडणार नाही. तो मला म्हणाला, वहिनीला काय झालं रे? मी म्हटलं, बीपी नॉर्मल आहे. तो गेला. मग माझ्यासाठी दार उघडलं आणि ती मोरीकडे निघून गेली.

सोमवार, ३१ ऑगस्ट

ऑडिट. शेठनी मला समितीतून काढलं. भिंतीवरचा तक्ता कोणीतरी उतरवला, लॅमिनेशनसकट. पार्टीच्या माणसाने गुणवंतीला परत बाइंडिंगला बसवल्याशिवाय ऑर्डर नाही म्हटलं. ती उद्या येणार आहे. म्हणजे नोकरी टिकली. हे मीच म्हणत होतो पहिल्यापासून, पण श्रेय कोणाला, तर त्या पार्टीला.

मंगळवार, १ सप्टेंबर

जबाब द्यायला पोलीस स्टेशनला बोलावलं होतं. जाताना तक्त्याची झेरॉक्स खिशात घेतली, की आपण किती गांभीर्याने काम केलं ते दाखवावं.

इन्स्पेक्टर बाई, मुलीच्या वयाच्या. त्यांनी झेरॉक्स वाचली. विचारलं, ही केस तुम्ही छळात टाकलीत, हल्ल्यात नाही, बरोबर? मी म्हटलं, हो, पूर्ण विचार करून. मग त्यांनी विचारलं, गुणवंतीने तुम्हाला गोदामात काय झालं म्हणून सांगितलं?

मी म्हटलं, दार लावलं इथपर्यंत.

त्या म्हणाल्या, पुढे?

मी म्हटलं, पुढचं मी तिला बोलू दिलं नाही. तिला लाज वाटू नये म्हणून.

त्यांनी झेरॉक्स माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाल्या, "मग छळ की हल्ला, हे तुम्ही ठरवलंत कशावरून?"

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. मग म्हटलं, शरच्चंद्रने सांगितलं त्यावरून.

त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. बरोबर होतं. मी सही केली.