मागितली तरी हवा द्यायची नाही

सोमवार
आलो एकदाचा! खोली झकास, खिडकीतून धक्का दिसतो. उद्यापासून स्कूबा शिकवायचं काम. पण माझं प्रशिक्षकाचं कार्ड बघून डायव्हिंगच्या दुकानाच्या मालकिणीनं नाक मुरडलं. तिला सगळे मावशी म्हणतात. इथली परीक्षा वेगळी, ती दिल्याशिवाय शिकवता येणार नाही म्हणे. चार देशांत ज्या कार्डावर कुणी ब्र काढला नाही, ते या पत्र्याच्या शेडला पुरत नाही! बेडकीनं किती फुगावं?

मंगळवार
परीक्षा ऐकून हसू आवरेना. पाण्याखालच्या कपारीपाशी कुणी गळ्यावरून आडवा हात फिरवून हवा मागितली, तर द्यायची नाही. सरळ वर यायचं. अरे, तोंडातली नळी काढून द्यायची, हा जगभरचा पहिला धडा! बायकोला मीच शिकवलं, तिच्याकडूनही घोटून घेतलं, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. तिला फोनवर हे सांगितलं, दोघं पोट धरून हसलो. शुक्रवारी येतेय ती.

बुधवार
नापास. मावशी होडीत, खाली मी आणि तिचा भाचा. कपारीतून एक पाणबुड्या आला, गळ्यावरून हात फिरवला. यांचाच लपवलेला माणूस, दुसरं काय! असल्या नाटकांना मी भीक घालत नाही. मुद्दाम नळी दिली. त्यानं ओढली, ओढतच राहिला. बुडबुडा एकही सोडला नाही. भाचा केव्हाच वर पळाला होता. खाली तिसरा कुणी सोडलाच नव्हता, असं मावशी म्हणते. थापाडी कुठली.

गुरुवार
जिना चढताना धाप लागते. डॉक्टर म्हणतो फुप्फुसं ठणठणीत. त्यालाही मेल्याला काही कळत नाही. मावशी येऊन गेली, उंबऱ्याच्या आत आली नाही. एकदा दिली की तो मागतच राहतो, म्हणाली. तुमची संपली की तुमच्या हातानं मागतो. खुळी बाई.
दाढी करताना डावा हात आपोआप गळ्यावरून फिरला. मी भ्यालोय.

शुक्रवार
आवाज फुटत नाही. बायकोला मेसेज केला, येऊ नकोस, मी मागितली तरी हवा देऊ नकोस. तिचं उत्तर, पुरे झाली थट्टा, बोट धक्क्याला लागलीय.

डावा हात मांडीखाली — दाबून बसलोय.

जिन्यावर पावलं. कडी लावायला — उठवत नाही.

आली. मान हलवतोय, नको, नको — हात सुटला — गळ्यावरून —

खूण ओळखली तिनं. बॅग टाकली. वाकतेय — तोंडाशी तोंड — मीच घोटून घेतलंय, मागणाऱ्याला नाही म्हणा